हँडबुक वाचा, पण आवृत्ती बघून

‘एआरआरएल हँडबुक’मधलं हाय-व्होल्टेज पॉवर सप्लायचं प्रकरण जरूर वाचा, पण आवृत्ती बघून. जुन्या आवृत्त्या सिरीजमधल्या प्रत्येक डायोडला पॅरलल रेझिस्टर जोडायला सांगत. नव्या म्हणतात, एकाच प्रकारच्या आधुनिक डायोडना त्याची गरज नाही. हौशी आराखडे मात्र अजून जुनंच उतरवतात.

म्हणून कपॅसिटरवरचेही रेझिस्टर काढू नका! इलेक्ट्रोलिटिकचा लीकेज करंट सारखा नसतो. व्होल्टेज असमान वाटलं जातं. शिवाय ३००० व्होल्टला २२० मायक्रोफॅरडच्या आठ कपॅसिटरांच्या साखळीत सुमारे १२४ ज्यूल साठतात, म्हणजे जिवाशी गाठ. प्रत्येकावर १०० किलोओहम असले, तरी ३० व्होल्टपर्यंत उतरायला शंभर सेकंद लागतात.

नियमामागचं कारण तपासा. संदर्भात आवृत्तीचं वर्षही लिहा.