इंग्रजी धातू आणि त्यांचे सोबती

पनवेल स्थानकाबाहेर पुस्तके मांडून बसलेल्या एका विक्रेत्यापाशी परवा आम्ही घटकाभर उभे होतो. मुंबईची गाडी गाठण्याच्या घाईत असलेली तरुण मंडळी तेथे थांबत, दोन-चार पाने चाळीत आणि बहुधा एकाच जातीचे पुस्तक विकत घेत. ते म्हणजे थोड्या दिवसांत इंग्रजी बोलावयास शिकविणारे. त्यांपैकी तीन पुस्तके आम्हीही घेतली व घरी येऊन लक्षपूर्वक वाचली. काळ, पत्रलेखन, संभाषण इत्यादी प्रकरणांविषयी आमची मोठीशी तक्रार नाही. परंतु लहानशा धातूस ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘इन’ असा एखादा सोबती जोडून जी क्रियापदे इंग्रजीत होतात, त्यांचे प्रकरण तिन्ही पुस्तकांत ज्या रीतीने उरकले आहे, ती रीत आम्हांस सदोष वाटते. ती तशी का वाटते, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

हा दोष केवळ पंडितांच्या वादापुरता असता, तर आम्ही लेखणी उचलली नसती. पण आमच्या परिचयातील एका मुलीस त्याची किंमत मोजावी लागली. मराठी शाळेत शिकून तिने पदवी घेतली होती. एका कचेरीने तिला गुरुवारी मुलाखतीस बोलाविले; मागाहून पत्र आले की, मुलाखत सोमवारवर ‘ब्रॉट फॉरवर्ड’ करण्यात आली आहे. ‘ब्रिंग’ म्हणजे आणणे, ‘फॉरवर्ड’ म्हणजे पुढे. आणि मराठीत काम पुढे गेले म्हणजे ते लांबले. तेव्हा ती गुरुवारनंतरच्या सोमवारी गेली. मुलाखत आधीच्या सोमवारी होऊन जागाही भरली होती. मुलीस दोन्ही शब्द ठाऊक होते. त्यांची जोडी मात्र ठाऊक नव्हती. या अर्थासाठी आपल्याकडे ‘प्रीपोन’ हे क्रियापद रूढ झाले आणि पुढे ते इंग्रजी कोशांतही जाऊन बसले, त्याला काही लोक हसतात. आम्हांस मात्र तो शब्द सोयीचा वाटतो.

आता या पुस्तकांची रीत पाहा. ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडणे, ‘गिव्ह इन’ म्हणजे नमणे, ‘गिव्ह अवे’ म्हणजे देऊन टाकणे, अशा याद्याच्या याद्या. खाली वाक्य नाही, कोठे वापरावे हे नाही, आणि सोबती शब्द काय काम करतो याविषयी अवाक्षर नाही. विद्यार्थी रात्रीत चाळीस जोड्या पाठ करतो आणि आठवड्यात पस्तीस विसरतो. यात त्याच्या बुद्धीचा दोष काय?

ही अडचण आपल्यालाच येते असेही नाही. डॉक्टर जॉन्सनने १७५५ साली आपला प्रसिद्ध कोश छापला, तेव्हा प्रस्तावनेतच त्याने कबूल केले की, परकीयांस सर्वांत अवघड जाणारी गोष्ट म्हणजे धातूस अव्यय जोडून त्याचा अर्थ पालटण्याची ही इंग्रजी सवय होय. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र फार उशिरा, १९२५ साली, लोगन पिअर्सल स्मिथ याच्या ग्रंथातून प्रचारात आले.

परंतु ज्यांच्या घरी संस्कृताचा थोडाबहुत संस्कार आहे, त्यांनी या प्रकाराने बिचकण्याचे कारण नाही. ‘हृ’ या एका धातूपासून प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार असे शब्द उपसर्गांच्या योगाने होतात हे आपण लहानपणीच शिकतो. पाणिनीने तर आणखी एक गोष्ट नोंदविली आहे : उपसर्ग धातूच्या पूर्वी येतात, परंतु वेदांत ते धातूनंतरही येतात आणि मध्ये दुसरे शब्द घालून दूरही राहतात. इंग्रज कोशात शब्द शोधावयास सांगताना ‘लुक इट अप’ म्हणतो, तेव्हा तो असेच करीत असतो. लौकिक संस्कृताने जी मोकळीक टाकून दिली, तशीच मोकळीक इंग्रजीत अजून नांदते आहे.

याहूनही जवळचा आधार आपल्या मराठीतच आहे. ‘त्याने सारे लाडू खाऊन टाकले’ या वाक्यात कोणी काही टाकलेले नसते. खाणे पुरते झाले एवढेच ‘टाकणे’ सांगते. ‘ईट अप’ यातील ‘अप’ही कोठे वर जात नाही, तेही पुरतेपणाच सांगते. फाडून टाकणे म्हणजे ‘टेअर अप’, पिऊन टाकणे म्हणजे ‘ड्रिंक अप’, हाकलून देणे म्हणजे ‘ड्राइव्ह अवे’, बोलत राहणे म्हणजे ‘कीप ऑन टॉकिंग’. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त संयुक्त क्रियापदांचा ऊहापोह आहे, तो वाचलेल्या शिक्षकास हे प्रकरण शिकविणे जड जाऊ नये. अर्थात हे साम्य ताणू नये. ‘मी भलतेच बोलून बसलो’ यातील ‘बसलो’मध्ये जो पश्चात्ताप आहे, तो इंग्रजीच्या कोणत्याही एका अव्ययात सापडावयाचा नाही.

दुसरे साम्य भाषेच्या थरांचे आहे. सभा ‘स्थगित करणे’ आणि ‘पुढे ढकलणे’, त्रास ‘सहन करणे’ आणि ‘चालवून घेणे’, यांतील भेद प्रत्येक मराठी कानास कळतो. पहिले शब्द दप्तरातले, दुसरे ओटीवरचे. इंग्रजीतही ‘पोस्टपोन’ आणि ‘टॉलरेट’ हे लॅटिनकडून आलेले, तर ‘पुट ऑफ’ आणि ‘पुट अप विथ’ हे घरचे. आपल्याकडे इंग्रजी आली ती पुस्तकांतून आणि कचेऱ्यांतून. त्यामुळे आपणांस दप्तरातले शब्द पाठ असतात आणि ओटीवर पाऊल अडखळते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने पिढ्यान् पिढ्या मराठी मुलांस इंग्रजी शिकविली, ती सुटे शब्द घोकवून नव्हे, वाक्यामागून वाक्य दोन्ही भाषांत फिरवून. आजच्या पुस्तकांनी नेमकी तीच गोष्ट सोडावी, हे नवल होय.

वाक्यावाचून कळणार नाही असा एक भेद येथे सांगतो. ‘ही रॅन अप अ हिल’ आणि ‘ही रॅन अप अ बिल’ ही वाक्ये दिसावयास जुळी भावंडे. परंतु पहिल्यात ‘अप’ टेकडीचे आहे : तो टेकडीवर धावत गेला. दुसऱ्यात ते धातूचे आहे : त्याने उधारी वाढवून ठेवली. नामाच्या जागी सर्वनाम घालताच भेद उघडा पडतो. टेकडीसाठी ‘रॅन अप इट’, उधारीसाठी ‘रॅन इट अप’. एवढी एक कसोटी हाती आली, तर यादीतल्या शंभर जोड्यांचे काम होते.

शुद्धाशुद्धाचा बडेजाव आम्हांस करावयाचा नाही. आपल्याकडे पदवीधर ‘पास आउट’ होतो. इंग्लंडात सामान्यतः असे म्हटले म्हणजे मनुष्य बेशुद्ध पडला असे समजतात. तरीही आपला प्रयोग निराधार नाही, कारण तेथे लष्करी शिक्षण पुरे करून बाहेर पडणाऱ्यांस हेच क्रियापद लावतात. ‘कोप अप विथ’ यातील ‘अप’ मात्र ‘पुट अप विथ’, ‘कीप अप विथ’ यांच्या संगतीने आगंतुकासारखे आत शिरले आहे. परक्या कानास ते खटकते. घरात काय चालते आणि बाहेर काय समजले जाते, हे दोन्ही विद्यार्थ्यास सांगितले म्हणजे झाले. निवड तो करील.

चांगले नमुने नाहीत असेही नाही. काउवी व मॅकिन यांच्या १९७५ सालच्या ऑक्स्फर्ड कोशात वाक्ये आहेत व त्यांची घडणही उलगडली आहे. कोबिल्डच्या १९८९ सालच्या कोशाने तर ‘अप’, ‘आउट’ आदी अव्ययांचे अर्थ स्वतंत्र सूचीत मांडले. पण ते इंग्रजीतून इंग्रजी शिकवितात. ‘अप’पाशी ‘टाकणे’ आठवून देणारे, ‘पुट अप विथ’पाशी ‘चालवून घेणे’ लिहिणारे आणि ‘फॉरवर्ड’पाशी ‘येथे मराठी पुढे फसवील’ असा इशारा देणारे लहानसे पुस्तक मराठी शिक्षकानेच लिहावयास हवे. त्या विक्रेत्यापाशी ते मिळू लागेल, त्या दिवशी आम्ही पहिली प्रत त्या मुलीस देऊ. तिला आता त्याची गरज उरलेली नाही. ‘ब्रिंग फॉरवर्ड’ ती जन्मात विसरणार नाही. पण तिच्या धाकट्या भावाची मुलाखत अजून व्हावयाची आहे.