सॉफ्टवेअर-घटक ते चित्रचिन्हसंच : एका व्यापारविस्ताराची चिकित्सा

बीजसंज्ञा : सॉफ्टवेअर-घटक, चित्रचिन्ह, चिन्हमीमांसा, वापरकर्ता, अर्थबोध

प्रस्तावना

२०१०च्या सुमारास इन्फ्राजिस्टिक्स या अमेरिकी कंपनीने ‘नेटअॅडव्हांटेज आयकॉन्स’ या नावाने चित्रचिन्हांचे संच विक्रीस आणले. शेरिडन सॉफ्टवेअर आणि प्रोटोव्ह्यू या दोन कंपन्यांच्या विलीनीकरणातून २००० साली उभ्या राहिलेल्या या कंपनीचा मूळ व्यवसाय चित्रे विकण्याचा नव्हता. संगणक-प्रणाली लिहिणाऱ्यांना तयार सुटे भाग पुरविणे हे तिचे काम होते. माहितीचा तक्ता, आलेख, दिनदर्शिका, पडद्यावरील बटणांची पट्टी अशा या भागांना त्या व्यवसायात ‘कम्पोनंट’ किंवा ‘कंट्रोल’ म्हटले जाते. प्रस्तुत लेखात त्यांसाठी ‘घटक’ आणि ‘आयकॉन’ या शब्दासाठी ‘चित्रचिन्ह’ ही संज्ञा योजली आहे.

बटणांची पट्टी विकणाऱ्याने त्या बटणांवरील चित्रेही विकावीत, यात व्यापारदृष्ट्या नवल काही नाही. चौकट विकणारा तसबीरही ठेवू लागला, इतकेच कोणी म्हणेल. परंतु घटक आणि चित्रचिन्ह या दोन वस्तू एका दुकानात मांडता आल्या तरी त्या एका जातीच्या नाहीत. घटकाचे मूल्य तो काय करतो यात असते. चित्रचिन्हाचे मूल्य ते पाहणाऱ्यास काय कळते यात असते. हा भेद विक्रीच्या व्यवहारात पुसला गेला, तेव्हा ‘हे चिन्ह कोणाला कळते?’ हा प्रश्न विक्रेता आणि खरीददार या दोघांच्याही हातून निसटला, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

घटक-विक्रीची पार्श्वभूमी

सॉफ्टवेअर हे कारखान्यातील सुट्या भागांप्रमाणे तयार व्हावे, ही कल्पना डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथे नाटोने भरविलेल्या परिषदेत मांडली. तिला बाजारपेठ मिळाली ती मात्र मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल बेसिकमुळे. १९९१ साली आलेल्या या साधनात बाहेरच्या कंपनीने लिहिलेला घटक जोडण्याची सोय होती आणि त्या सोयीवर एक संपूर्ण उद्योग उभा राहिला. शेरिडनने लिहिलेले त्रिमितीय भासणारे बटण-घटक तर व्हिज्युअल बेसिकच्या व्यावसायिक आवृत्तीबरोबरच मिळत. नव्वदच्या दशकात करड्या रंगाची, किंचित उठावदार बटणे ज्यांनी पाहिली, त्यांनी या कंपनीचे काम नाव न कळता पाहिले असण्याचा संभव मोठा आहे.

त्याच व्हिज्युअल बेसिकबरोबर चित्रचिन्हांचे एक भांडारही येत असे. बाण, दळणवळण, संगणक, पंचमहाभूते, ध्वज, उद्योग, टपाल, कार्यालय, वाहतूक, लेखन अशा कप्प्यांत ती चित्रे लावलेली असत. प्रोग्रॅमर त्यांतून हाताशी येईल ते उचलत असे. परिणामी टपालाच्या कप्प्यातील पाकीट, वाहतुकीच्या कप्प्यातील थांब्याची खूण आणि प्रोग्रॅमरने स्वतः रेखाटलेला ओबडधोबड छापयंत्राचा चौकोन हे तिन्ही एका पट्टीवर शेजारी बसत. प्रणाली उत्तम चाले, पण दिसे ती गोधडीसारखी.

२००७ साली ऑफिसच्या नव्या आवृत्तीत ‘रिबन’ ही रुंद पट्टी आली आणि हा विजोडपणा झाकणे अशक्य झाले. रिबनवर लहान-मोठ्या आकारांची डझनावारी चित्रे एकाच वेळी दिसतात. त्याच वर्षी बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाने चित्रचिन्हाची मोठी मोजणी २५६ बिंदूंपर्यंत नेली. घटक-कंपन्यांनी रिबनसारख्या पट्ट्या विकण्यास आरंभ केला. ती पट्टी विकत घेणाऱ्या लहान संस्थेकडे चित्रकार नसे. रिकामी पट्टी घेतलेल्या गिऱ्हाइकाला चित्रे पुरविणे ही यापुढची पायरी होती. मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल स्टुडिओ २००५ बरोबर स्वतःचे चित्रभांडार दिले होते, तरी व्यवसायक्षेत्रानुसार वेगळाल्या संचांना जागा उरली होती. ती जागा घटक-विक्रेत्यांनी हेरली.

या विस्ताराचे श्रेय नाकारता येत नाही. संचातील सर्व चित्रांवर प्रकाश एकाच दिशेने पडतो, कोन एक असतो, रंगांचा मेळ एक असतो. लहान आकारातील चित्र हे मोठ्या चित्राचे आक्रसलेले रूप नसून वेगळे रेखाटलेले असते, हे चांगल्या संचाचे लक्षण मानले गेले. प्रोग्रॅमरला चित्रकार समजण्याची जुनी चूक त्यामुळे काही अंशी सुधारली. येथवर तक्रारीस कारण नाही.

कसोटीचा प्रश्न

तक्त्याचा घटक विकत घेतला आणि त्याने नावे अकारविल्हे लावली नाहीत, तर दोष लगेच उघड होतो. खरीददार विक्रेत्यास कळवितो, विक्रेता दुरुस्ती पाठवितो. चित्रचिन्ह चुकले तर असे काही घडत नाही. प्रणाली थांबत नाही, दोषसूचना येत नाही. फक्त कार्यालयातील लिपिक थबकतो, अंदाजाने बटण दाबतो, आणि चूक झाली तर ती स्वतःची समजतो. ज्या दोषाची नोंदच होत नाही, त्याची दुरुस्तीही संभवत नाही.

चिन्हाची कसोटी घेता येत नाही असे मात्र नव्हे. १९८१ साली झेरॉक्सचा ‘स्टार’ हा कार्यालयीन संगणक आला. त्यावरील चित्रचिन्हे ठरविताना चार वेगवेगळ्या कलावंतांचे चार संच लोकांपुढे ठेवून तपासले गेले होते. चित्र पाहून नाव सांगणे, सांगितलेले चित्र किती वेळात सापडते ते मोजणे, आवडीनिवडी नोंदविणे अशा चाचण्यांनंतर नॉर्म कॉक्स यांचा संच पुढे नेण्यात आला. अमेरिकेत १९७४ साली विमानतळ व स्थानकांसाठी ३४ चिन्हे सिद्ध झाली आणि १९७९ साली त्यांत १६ची भर पडली. ते काम करणाऱ्या समितीने आधी जगभरची प्रचलित चिन्हे गोळा करून अर्थ, रचना व प्रत्यक्ष उपयोग या तीन अंगांनी पारखली होती. सुरक्षाचिन्हांच्या अमेरिकी मानकात तर किमान ८५ टक्के लोकांना योग्य अर्थ कळावा आणि घातक विपरीत अर्थ घेणारे ५ टक्क्यांहून अधिक नसावेत, अशी आकडेवारीची अटच आहे.

चित्रचिन्हसंचाची जाहिरात पाहिली असता तिच्यात आढळतात ते वेगळे आकडे : चित्रे किती, आकार किती, फाइलींचे प्रकार किती. किती जणांना कळले, हा रकाना सहसा नसतो. विक्रेत्याची त्यात लबाडी आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. चित्र कोणत्या प्रणालीत, कोणत्या आज्ञेसाठी, कोणाच्या पुढे येणार हे त्यास ठाऊकच नसते. तो कसोटी घेणार कशाची? आणि खरीददाराची समजूत अशी की, पैसे मोजून घेतलेली वस्तू पारखूनच आलेली असणार. घटकाबाबत ही समजूत रास्त होती. चित्रचिन्हाकडे ती वारशाने आली.

हातोडा, क्रूस आणि चलन

अमेरिकी चिन्हमीमांसक चार्ल्स पर्स यांनी चिन्हांचे जे वर्गीकरण केले, त्यात वस्तूशी साम्य असलेल्या चिन्हास ‘आयकॉन’ म्हटले आहे, तर केवळ संकेताने अर्थ लाभलेल्या चिन्हास प्रतीक. संगणकावरील पुष्कळशी चित्रचिन्हे नावाने आयकॉन असली तरी व्यवहारात प्रतीके असतात. ‘जतन करा’ या आज्ञेसाठी योजलेली साडेतीन इंची फ्लॉपी हे त्याचे परिचित उदाहरण. सोनीने २०११ साली त्या चकत्यांची विक्री थांबविली, पण चिन्ह टिकले. आज ते वस्तूकडे बोट दाखवीत नाही, केवळ सवयीवर उभे आहे.

सवय ही मात्र कोठल्या तरी समाजाची असते. विधिक्षेत्रासाठीच्या संचांत लाकडी हातोडा हटकून आढळतो. अमेरिकी न्यायालयात तो खरोखर असतो. इंग्लंडच्या न्यायाधीशांनी तो कधी वापरलेला नाही, आणि त्या परंपरेतून आलेल्या भारतीय न्यायालयांच्या नित्य कामकाजातही तो नसतो. आपल्याकडे तो आढळतो चित्रपटांतील न्यायालयात. म्हणजे भारतीय वकिलाच्या संगणकावरील हातोडा हे न्यायालयाचे चित्र नसून चित्रपटातील न्यायालयाचे चित्र आहे. तरीही तो वकिलास कळतो, हे येथे मान्य केले पाहिजे. हातोड्याचा अर्थ ‘कायदा’ इतपत सगळ्यांना लागतो. अडचण पुढे येते. ‘निकाल’, ‘सुनावणी’, ‘लिलाव’ की ‘प्रकरण बंद’, यांपैकी कोणती आज्ञा त्यामागे आहे, हे हातोडा सांगत नाही. चित्र क्षेत्र सांगते, क्रिया सांगत नाही. आणि बटण हे क्रियेसाठी असते.

आरोग्यक्षेत्रातील लाल क्रूस हा तर कायद्याचा विषय आहे. ते रेडक्रॉसचे संरक्षित बोधचिन्ह असून भारतात १९६०च्या जिनिव्हा करारविषयक अधिनियमानुसार केंद्र शासनाच्या संमतीवाचून ते वापरता येत नाही. संचातून लाल क्रूस उचलून औषध-दुकानाच्या प्रणालीवर चिकटविणाऱ्या प्रोग्रॅमरला याची कल्पना असतेच असे नाही.

अर्थव्यवहाराच्या संचांत नाणे किंवा नोट काढावयाची म्हटली की डॉलरची खूण येते, फार तर युरो अथवा पौंड. गंमत अशी की हे संच विकले जात होते, त्याच वर्षी, १५ जुलै २०१० रोजी, भारत सरकारने रुपयाचे चिन्ह स्वीकारले. मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात संशोधन केलेल्या डी. उदय कुमार यांची ती रचना. देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ या दोहोंचा मेळ घालणारी ही खूण खुल्या स्पर्धेतून निवडली गेली आणि त्याच वर्षीच्या युनिकोड ६.० मध्ये तिला स्थान मिळाले. एक चिन्ह सार्वजनिक प्रक्रियेतून, नाव, अर्थ आणि संकेतांक यांसह जन्मास आले. त्याच सुमारास शेकडो चिन्हे कोणत्याही अर्थाची हमी न घेता यादीने विकली जात होती.

शब्दांची अनुपस्थिती

चित्राला भाषा नसते, म्हणून ते सर्वांना कळते, अशी एक श्रद्धा या व्यापारामागे आहे. तिचा उगम उदात्त आहे. व्हिएन्नातील ऑटो नॉयराथ यांनी १९२०च्या दशकात सामान्य कामगारास आकडेवारी समजावी म्हणून चित्रपद्धती घडविली आणि गेर्ड आर्न्ट्झ यांनी तिच्यासाठी हजारो चिन्हे रेखाटली. परंतु नॉयराथ यांची चित्रे तक्त्यात, मथळ्याखाली, स्पष्टीकरणासह येत. संचातील चित्र एकटे येते.

भारतीय वाचकास याहून जवळचे उदाहरण निवडणूक-चिन्हांचे आहे. १९५१च्या जनगणनेत साक्षरतेचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. अशा देशातील पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत चिन्हांवाचून मतदान शक्यच नव्हते. आयोगाच्या मुक्त चिन्हांच्या यादीतील शिलाई यंत्र, कपबशी, शिट्टी, गॅस सिलिंडर या घरोघरच्या वस्तू. त्यांना मुळात राजकीय अर्थ काहीच नाही. अर्थ निर्माण होतो तो भिंती रंगवून, घोषणा देऊन, दारोदार फिरून. चिन्ह शिकवावे लागते, हे येथे गृहीतच असते. आणि शिकवूनही शेजारच्या चिन्हाने घोटाळा होऊ शकतो. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत ‘तुतारी वाजविणारा माणूस’ या चिन्हावर लढणाऱ्या पक्षाने, मराठीत ‘तुतारी’ असेच नाव मिळालेल्या ट्रम्पेटच्या मुक्त चिन्हामुळे मतदार गोंधळले, अशी तक्रार आयोगाकडे केली. सातारा मतदारसंघात त्या चिन्हावरील अपक्षास पडलेली मते विजयी मताधिक्याहून अधिक होती. मतदारांच्या मनात प्रत्यक्षात काय झाले, हा वादाचा विषय. परंतु चिन्हाचा अर्थ त्याच्या रेषांत नसून त्याचे नाव आणि त्याचे शेजारी यांवर अवलंबून असतो, हे त्या तक्रारीतच अनुस्यूत आहे.

हेच रिबनवरील चित्रास लागू पडते. संचातील चित्र एकेकटे पाहून निवडले जाते. वापरात ते वीस शेजाऱ्यांसह येते. ‘भिंग’ हे शोधण्यासाठी, मोठे करून पाहण्यासाठी, की छपाईपूर्व तपासणीसाठी, हे शेजारी ठरवितात आणि शेवटी त्याखालचा शब्द ठरवितो. महाराष्ट्रातील कार्यालयात शब्द इंग्रजीत असेल, तर चित्रावर दुप्पट भार पडतो. चित्र आहेच, मग मराठी शब्दांचा खटाटोप कशाला, असा युक्तिवाद ऐकू येऊ शकतो आणि तो स्वस्तही पडतो. चित्रचिन्हसंचाची किंमत एकदाच मोजावी लागते. भाषांतराची प्रत्येक आवृत्तीस. चित्राची ‘भाषानिरपेक्षता’ ही अशा वेळी वापरकर्त्याची सोय राहत नाही. ती निर्मात्याची काटकसर होते. प्रथमच प्रवेश-अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा निवृत्तीच्या उंबरठ्यावर संगणक शिकणाऱ्या लिपिकाला हवा असतो तो ‘जतन करा’, ‘रद्द करा’, ‘पुढे पाठवा’ हा शब्द, आणि त्याच्या शेजारी चित्र.

विकत घेण्याकडून फुकटाकडे

चकाकणाऱ्या, छायायुक्त चित्रांचा तो काळ फार टिकला नाही. २०१२ साली विंडोज ८ आणि २०१३ साली आयओएस ७ यांनी सपाट, एकरंगी चित्रणाची रीत रूढ केली. आधीचे रंगीत संच त्यामुळे लवकर जुने दिसू लागले. २०१२ साली ‘फॉन्ट ऑसम’ हा अक्षरसंचाच्या रूपातील चित्रसंच आला, २०१४ साली गूगलने आपला संच खुला केला, आणि संच विकत घेण्याची निकड पुष्कळ ओसरली. किंमत गेली, घटकाप्रमाणे चित्र उचलून बसविण्याची रीत मात्र अधिकच पसरली, कारण आता एक ओळ लिहिली की चित्र उमटते.

त्या एका ओळीत चित्राचे नाव लिहावे लागते, आणि फॉन्ट ऑसमच्या चौथ्या आवृत्तीतील नावे या दृष्टीने वाचण्याजोगी आहेत. तेथे एकाच चित्रास ‘फ्लॉपी’ आणि ‘सेव्ह’ अशी दोन नावे आहेत. दुसऱ्या एकास ‘गॅव्हल’ म्हणजे हातोडा आणि ‘लीगल’ अशी दोन. पहिले नाव रेखाटणाऱ्याने काय काढले ते सांगते, दुसरे बसविणाऱ्याने काय समजावे ते. बटण दाबणाऱ्यास या दोहोंपैकी एकही नाव दिसत नाही.