वाट बदलली, पण हिशेब कुठे गेला?

‘परम ८०००’ची गोष्ट आपण वेगापासून सुरू करतो आणि वेगावरच संपवतो. अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळेना, म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली. १९९१ मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ६४ ट्रान्सप्युटर जोडून हे यंत्र तयार झालं. अभिमान आहेच. आमची तक्रार आहे ती या सांगण्याबद्दल. चौसष्टांतला एक बंद पडला तर काय, हे कुणी विचारतच नाही.

साधा हिशेब करू. एक प्रोसेसर दिवसभर न बिघडता चालेल, याची शक्यता ९९.९ टक्के धरा. मग चौसष्टच्या चौसष्ट चालण्याची शक्यता उरते साधारण ९४ टक्के. हजार लावले, तर जेमतेम ३७. म्हणजे यंत्र मोठं झालं की बिघाड हा पाहुणा राहत नाही, घरातलाच होतो.

आता ‘परम’चा एक खरा गुण. ट्रान्सप्युटरला चार दुवे असतात. कोणता दुवा कुणाला जोडायचा, हे कामानुसार बदलता येईल असं त्याचं जाळं होतं. यावर लोक म्हणतात, मग झालं की, बिघडलेला वगळा आणि पुढे चला! हे आम्हाला पटत नाही. इथे प्रत्येकाची मेमरी त्याच्यापाशीच. तो गेला की त्याच्याकडचा अर्धा झालेला हिशेबही गेला. तो वाचवायचा तर मधूनमधून दुसरीकडे उतरवून ठेवावा लागतो, आणि तेवढा वेळ वेगातूनच कापला जातो.

राखीव प्रोसेसरचंही तसंच. जाळीच्या प्रत्येक ओळीत एक जादा ठेवला, तर एक बिघाड निभावतो. बाकीचे एकेक घर सरकतात. त्याच ओळीत दुसरा बिघडला की खेळ संपला, मग शेजारच्या ओळीतला राखीव रिकामा बसलेला का असेना. तो वापरायचा तर जादा तारा हव्यात, जादा स्विच हवेत. आणि तेही बिघडतातच.

राखीव वाटेची किंमत आपल्या मराठवाड्याला वेगळी सांगायला नको. २०१६ मध्ये मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. रूळ आधीपासून होते, म्हणून ते जमलं. पण वाघिणी धुणं, त्या भरायला पाइप टाकणं, हे सगळं तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखंच झालं. यंत्रात तेवढीही सवड मिळत नाही. वाट आधीच आखलेली लागते.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच: महासंगणकाचा एक आकडा ऐकून टाळ्या वाजवू नका. दुसराही मागा. दोन प्रोसेसर काढून घेतल्यावर हातातलं काम पुरं होतं का, आणि किती वेळात? ज्या यंत्राला याचं उत्तर देता येत नाही, त्याचा वेग फक्त चांगल्या दिवसाचा असतो.