प्रारंभिक भूगोलाची परिभाषा : काही विचार

मराठी माध्यमातून भूगोल शिकू लागलेल्या विद्यार्थ्यापुढे पहिल्या काही आठवड्यांत जे शब्द येतात, ते बहुतेक त्याला आधीपासून ठाऊक असतात. रेखा, हवा, घाट, देश, छाया हे शब्द त्याने घरी आणि रस्त्यावर ऐकलेले असतात. रसायनशास्त्रातील अपरिचित संज्ञा विद्यार्थी निमूटपणे पाठ करतो. परिचित शब्द मात्र आपला जुना अर्थ बरोबर घेऊनच वर्गात येतो. प्रारंभिक पाठ्यपुस्तकांचे परीक्षण करावयाचे तर व्याख्या अचूक आहेत की नाहीत एवढेच पाहून भागत नाही. त्या व्याख्या शब्दाच्या जुन्या अर्थाशी कोणता व्यवहार करतात हेही पाहावे लागते. बहुतेक पुस्तके हा व्यवहार करीतच नाहीत.

अक्षांश आणि रेखांश यांचेच उदाहरण घ्यावे. ‘अक्षांश’ या शब्दातील ‘अंश’ स्पष्टपणे कोनाचे माप सांगतो. भारतीय ज्योतिषात ‘अक्ष’ ही संज्ञा स्थळाच्या याच मापासाठी रूढ होती आणि त्या स्थळावरून दिसणारी ध्रुवाची उंची हे ते माप मिळविण्याचे साधन होते. पुण्यातून ध्रुवतारा क्षितिजाच्या वर सुमारे साडेअठरा अंशांवर दिसतो. पुण्याचे अक्षांशही तेवढेच आहेत. ही एक गोष्ट समजली, की अक्षांश हा कोन आहे आणि अक्षवृत्त हे त्या कोनाची सर्व स्थळे जोडणारे वर्तुळ आहे, हा भेद वेगळा पाठ करावा लागत नाही. तरीही ‘पृथ्वीगोलावरील आडव्या रेषा म्हणजे अक्षांश’ अशा धर्तीची वाक्ये उत्तरपत्रिकांत अजून सापडतात, कारण नकाशावर दिसते ती रेषा, कोन दिसत नाही. अलीकडची शालेय पुस्तके हा भेद कटाक्षाने पाळतात, ही समाधानाची बाब होय.

‘रेखावृत्त’ या शब्दाची कथा निराळी आहे. सूर्यसिद्धांतासारख्या ग्रंथांत ‘रेखा’ म्हणजे लंका, अवंती आणि कुरुक्षेत्र यांतून जाणारी एकच मध्यरेषा. तिच्यापासून पूर्वेस वा पश्चिमेस असलेले स्थळाचे अंतर म्हणजे ‘देशांतर’. १८८४ साली वॉशिंग्टन येथील परिषदेत ग्रीनिच ही मूळ रेषा मान्य झाली आणि अवंतीचा मान गेला. मराठीने मात्र ‘रेखा’ हा शब्द ठेवला, तो अनेकवचनी केला आणि पुढे ‘वृत्त’ जोडले. हे वृत्त वस्तुतः अर्धवर्तुळ असते. ‘रेखावृत्ते ही अर्धवर्तुळे आहेत’ हे विधान वाचून जो विद्यार्थी गोंधळत नाही, त्याने बहुधा शब्दाकडे लक्षच दिलेले नसते. हिंदीने ‘देशांतर’ स्वीकारले, त्यात स्थळास्थळांतील अंतराची कल्पना टिकून राहिली, आणि रेखांशांचे प्रयोजन नेमके तेच आहे. मुंबईचे रेखांश सुमारे ७२ अंश ५० मिनिटे पूर्व, तर भारतीय प्रमाणवेळेची रेषा ८२ अंश ३० मिनिटे पूर्व. अंशाला चार मिनिटे या हिशेबाने मुंबईचा स्थानिक मध्यान्ह प्रमाणवेळेच्या मागे सुमारे ३९ मिनिटे पडतो. १९०६ साली प्रमाणवेळ आल्यावरही मुंबईने आपली वेळ १९५५ पर्यंत सांभाळली, हा इतिहास सांगितला तर रेखांश हे घड्याळाचे माप आहे हे पटवून द्यावे लागत नाही.

सर्वांत गंभीर अडचण ‘हवा’ आणि ‘हवामान’ या जोडीची आहे. पाठ्यपुस्तके सांगतात, की विशिष्ट स्थळाची विशिष्ट वेळची वातावरणस्थिती म्हणजे हवा, आणि दीर्घकालीन सरासरी स्थिती म्हणजे हवामान. जागतिक हवामान संघटना यासाठी तीस वर्षांचा कालखंड प्रमाण मानते. भेद निर्दोष आहे. शब्द तो पेलत नाहीत. चाकात भरतात ती हवा, संध्याकाळी सुटते ती हवा, आज ढगाळ आहे ती हवा, आणि प्रकृतीला मानवते ती महाबळेश्वरची हवाही हवाच. यांतील शेवटचा अर्थ पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने हवामानाचा आहे. हवापालट करणारा मनुष्य एका दिवसाच्या स्थितीसाठी गाव बदलीत नाही. ‘मान’ या उत्तरपदाचाही आधार मिळत नाही. तापमान हे या क्षणाचे असू शकते, जीवनमान पिढीचे. मान म्हणजे केवळ माप, आणि त्यात दीर्घ काळाची सूचना नाही. त्यात भर म्हणजे उद्याच्या पावसाचा अंदाज देणारे खाते ‘हवामान खाते’ म्हणून ओळखले जाते, आणि शतकभराच्या तापमानवाढीलाही ‘हवामान बदल’ असेच म्हटले जाते. एकाच शब्दाने दोन टोकांचे काम केल्यावर, एका थंड पहाटेवरून जागतिक तापमानवाढ खोटी ठरविणाऱ्या वाचकाला दोष तरी किती द्यावा?

वास्तविक मराठी बोलीत ‘हवापाणी’ हा शब्द होता आणि आहे. फारसीतून आलेल्या ‘आबोहवा’चा अर्थ त्यात पूर्ण उतरला आहे. एखाद्या गावचे हवापाणी मानवले असे म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात एक दिवस नसतो, तर ऋतुचक्र असते. परिभाषा घडविणाऱ्यांना तो घरगुती वाटला असावा. आता ‘हवामान’ इतके रूढ झाले आहे की ते हटविण्याचा आग्रह निष्फळ ठरेल. परंतु ‘हवापाण्या’वरून ‘हवामाना’कडे नेणारा एक परिच्छेद पुस्तकात असण्यास काही प्रत्यवाय नाही.

‘त्रिभुज प्रदेश’ या संज्ञेबद्दल थोडक्यात सांगता येईल. ग्रीक अक्षराच्या आकारावरून पडलेल्या नावाचे भाषांतर करताना मराठीने अक्षर सोडले व आकार पक्का केला. मिसिसिपीच्या मुखाशी साठलेला गाळ पक्ष्याच्या पायासारखा पसरला आहे, त्याला त्रिभुज म्हणणे अवघड जाते. उलट, बंगालचा ‘उपसागर’ आणि खंबातचे ‘आखात’ असा भेद मराठीने राखला आहे. हिंदी दोहोंना ‘खाडी’ म्हणते, आणि मराठी माणसाची खाडी तर वसईला किंवा दाभोळला असते.

‘घाट’ या शब्दाचा प्रवास मात्र सविस्तर पाहण्याजोगा आहे. मराठीत घाट म्हणजे डोंगर चढण्याउतरण्याची वाट: बोरघाट, थळघाट, कुंभार्ली, आंबा. नदीकाठच्या पायऱ्याही घाटच. इंग्रजी नकाशाकारांनी वाटेचे नाव डोंगरांना दिले, आणि ‘पश्चिम घाट’ होऊन ते मराठीत परत आले. २०११ चा तज्ज्ञ गटाचा अहवाल आणि २०१२ साली मिळालेला जागतिक वारशाचा दर्जा यांनंतर वृत्तपत्रांतून तर ‘सह्याद्री’ मागेच पडला. पुस्तके त्याला पर्वतरांग म्हणून हिमालयाच्या पंक्तीस बसवितात. हिमालय घडीचा पर्वत आहे. महाराष्ट्रातील सह्याद्री ही पठाराची पश्चिमेकडे तुटलेली कड आहे. पूर्वेकडून जाणाऱ्याला पर्वत चढल्याचे फारसे जाणवत नाही, कोकणातून येणाऱ्याला समोर भिंत दिसते. लाव्ह्याच्या थरांनी बनलेल्या या पायऱ्यांच्या खडकाला भूशास्त्र ‘ट्रॅप’ म्हणते, आणि तो शब्द पायरीवाचक स्वीडिश शब्दावरून आला आहे. म्हणजे वाटेवरून आलेला मराठी शब्द आणि दूर उत्तरेकडून आलेली संज्ञा, दोन्ही एकाच भूरूपाकडे बोट दाखवितात, याची नोंद पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही.

त्याच कड्याखाली कोकणी शेतकरी समुद्रालगतच्या पट्टीला खलाटी आणि डोंगराकडच्या भागाला वलाटी म्हणतो, जांभ्याच्या सपाट माथ्याला सडा म्हणतो. पाठ्यपुस्तकांत यांच्या जागी बहुधा ‘किनारी मैदान’, ‘डोंगराळ भाग’ आणि ‘पठार’ हे तीन शब्द येतात. रत्नागिरीजवळच्या सड्यावर राहणारा विद्यार्थी पठार म्हणजे काय हे दख्खनच्या नकाशावरून पाठ करतो.