मेजाशी बसलेला मेलेला बाप

सर्बियातल्या एका खेड्यातला म्हातारा गोर्चा दरोडेखोराच्या मागावर निघतो. जाताना मुलांना बजावून ठेवतो, की दहा दिवस वाट पाहा, पण त्यानंतर मी आलो तर तो व्हुर्दलाक, म्हणजे रक्त पिणारं प्रेत, होऊन आलेला असेन, मला घरात घेऊ नका. तो परततो तेव्हा मुदत अगदी त्या क्षणी भरत असते. तो मुदतीच्या आत आला की नंतर, हे कोणालाच ठरवता येत नाही. आणि जन्मदात्याला उंबऱ्यावर अडवायचं तरी कसं? अलेक्सेई कॉन्स्तान्तिनोविच टॉलस्टॉयने १८३९ च्या सुमारास लिहिलेल्या ‘द फॅमिली ऑफ द व्हुर्दलाक’ या कथेत पहिला घास जातो तो नातवाचा. रशियन भयकथेच्या इंग्रजी संग्रहांतून ती अनेकांनी वाचली असेल.

मेलेला बाप घरी येण्याची हीच घटना पुढे एका विज्ञानकादंबरीत येते आणि मला ती व्हुर्दलाकपेक्षा कितीतरी भयंकर वाटते. कादंबरी म्हणजे अर्कादी आणि बोरिस स्ट्रुगात्स्की या भावांची ‘रोडसाइड पिकनिक’. १९७२ मध्ये ती ‘अव्रोरा’ मासिकातून क्रमशः आली. पुस्तकरूप मात्र सोव्हिएत संपादकांशी झालेल्या दीर्घ झटापटीत अडकलं. ते निघालं १९८० मध्ये, तेही काटछाट होऊन. अँटोनिना बूइसचा इंग्रजी अनुवाद त्याआधीच, १९७७ मध्ये आला होता. म्हणजे पुस्तकरूपात ही कादंबरी इंग्रजी वाचकाच्या हाती रशियन वाचकाच्या आधी पडली. आज सहज मिळतो तो ओलेना बोर्माशेंकोचा २०१२ चा अनुवाद. त्याला अर्सुला ले ग्विनची प्रस्तावना आहे.

परग्रहावरचं कोणीतरी पृथ्वीवर येऊन गेलंय. ते कोणाला दिसलं नाही, कोणाशी बोललं नाही. मागे राहिले सहा प्रदेश, ‘झोन’, आणि त्यांत विखुरलेल्या अनाकलनीय वस्तू. हार्मोंट गावाजवळच्या झोनमधून त्या चोरून आणणारे ते ‘स्टॉकर’. रेड्रिक शूहार्ट त्यांतला एक. पाऊल टाकण्याआधी तो पुढे नट फेकतो आणि ते कसे पडतात ते पाहतो. गोगोलच्या ‘विय’ या कथेतला खोमा चर्चमध्ये स्वतःभोवती रिंगण आखून रात्र काढतो. रेडचे नट हे त्याच रिंगणाचं नव्या काळातलं रूप. फरक एवढाच, की खोमाला निदान आपण कोणापासून जीव वाचवतोय हे कळत होतं.

पहिल्या भागातला एक प्रसंग पाहा. रेड, त्याचा आवडता शास्त्रज्ञ किरील आणि आणखी एकजण झोनमधल्या एका गॅरेजमध्ये शिरतात. किरीलची पाठ कोळ्याच्या जाळ्यासारख्या कशाला तरी लागते. रुपेरी, बारीक, तुटताना जरासं करकरणारं. रेडच्या ध्यानात येतं, तो थबकतो, पण काहीच होत नाही. तिघं सुखरूप बाहेर येतात आणि रेड दारू प्यायला जातो. तिथेच त्याला कळतं की किरील गेला. हृदय बंद पडलं. जाळ्याचा आणि मृत्यूचा संबंध लेखक जोडून देत नाहीत. रेड जोडतो आणि तो सल जन्मभर बाळगतो. हा भाग रेडच्या तोंडून, प्रथमपुरुषी येतो. पुढच्या भागांतून त्याचा ‘मी’ नाहीसा होतो. किरीलबरोबर काहीतरी त्याच्यातलंही गेलं, असंच मला दरवेळी वाटतं.

पुस्तकाबद्दल बोलताना सगळेजण त्यातल्या पिलमन या शास्त्रज्ञाचा तर्क सांगतात. रस्त्याकडेला सहल झाली, माणसं निघून गेली आणि त्यांनी टाकलेल्या कचऱ्याभोवती रानातले किडेमुंग्या, पाखरं भांबावून फिरताहेत. तर्क जबरदस्तच आहे. पण त्याच संभाषणात पिलमन आणखी एक गोष्ट सांगतो, ती मला जास्त छळते. हार्मोंट सोडून दुसऱ्या शहरात गेलेल्या एका न्हाव्याची बहुतेक गिऱ्हाइकं वर्षभरात मरतात. कोणी अपघातात, कोणी गुंडांच्या हातून. प्रत्येक मृत्यू आपापल्या जागी साधा, समजण्यासारखा. आकडे एकत्र मांडले की मात्र अंगावर काटा येतो. झोनला कुंपण घालता येतं, माणसाच्या मागे जाणाऱ्या त्याच्या सावलीला नाही.

ती सावली रेडच्या घरात शिरलेली आहे. त्याची मुलगी मारिया, लाडाने ‘मंकी’, अंगभर सोनेरी लव घेऊन जन्मलीय. दुसऱ्या भागात ती बडबडी, गोड पोर आहे. तिसऱ्या भागात तिची वाचा गेलेली असते. डॉक्टर म्हणतो, ती आता माणूस उरलेली नाही. आणि दफनभूमीतून उठून आलेला रेडचा बाप घरात राहायला आलाय. तो कोणाचं रक्त पीत नाही, बोलत नाही, काही मागत नाही. नुसता असतो. रेड त्याला हाताला धरून आणतो आणि सगळ्यांबरोबर मेजाशी बसवतो.

हा प्रसंग आपण पाहतो तो घरी आलेल्या नूनन या पाहुण्याच्या नजरेतून. या निवडीत लेखकांचं सारं कसब आहे. घरातल्यांना एव्हाना काही वेगळं दिसेनासं झालंय. दचकायला बाहेरचाच माणूस हवा. आणि दचकता दचकता नूननला तिथलं प्रेमही दिसतं. गोर्चाच्या मुलांना ज्याची धास्ती होती, ते रेड समजून-उमजून करतो. बाप आहे, तर घरातच राहील. भीती आणि माया इतक्या एकजीव झालेल्या मी इतरत्र क्वचितच वाचल्या आहेत.

म्हणूनच शेवट पेलवत नाही. मनातली इच्छा पुरी करणाऱ्या सोन्याच्या गोळ्याकडे रेड निघतो तो मंकीसाठी. वाटेतला सापळा एक माणूस घेतल्याशिवाय दुसऱ्याला पुढे जाऊ देत नाही, हे त्याला ठाऊक आहे. म्हणून तो आर्थरला सोबत नेतो. आर्थर म्हणजे बर्ब्रिज या दुसऱ्या स्टॉकरचा देखणा, विश्वासू पोरगा. हाही कुणाचातरी मुलगाच. गोळा दिसताच तो आनंदाने धावत सुटतो, साऱ्या जगासाठी सुख मागत, आणि सापळा त्याला पिळून टाकतो. आता रेडची पाळी. मुलीसाठी काय मागायचं, कसं मागायचं, त्याला शब्दच सुचत नाहीत. जन्मभर विचार करायला कोणी उसंतच दिली नाही, हे त्याला तिथे उन्हात उमगतं. शेवटी तो आर्थरचंच मागणं उच्चारतो, ज्याला त्याने नुकतंच मरणाकडे धाडलं त्या पोराचं. ते ऐकलं गेलं का, मंकी पुन्हा बोलली का, हे स्ट्रुगात्स्की सांगत नाहीत.