निर्णयसूची आणि उद्धरणकोष्टके : एक भाषिक परीक्षण

न्यायनिर्णयांच्या सूचींकडे विद्वानांचे लक्ष सहसा जात नाही. सूची हे कारकुनाचे काम आणि मीमांसा हे पंडिताचे, अशी वाटणी आधीच झालेली असते. वस्तुतः पूर्वनिर्णय बंधनकारक मानणाऱ्या न्यायपद्धतीत एखादा निवाडा आज जिवंत आहे की नाही, हे तो निवाडा स्वतः सांगू शकत नाही. तो छापून झाला की त्याचे पुढील चरित्र इतर निवाड्यांत लिहिले जाते, आणि ते विखुरलेले चरित्र एकत्र आणणारे साधन म्हणजे उद्धरणकोष्टक. सायमन ग्रीनलीफ याने 1821 साली अमेरिकेत मोडीत निघालेल्या, शंकित ठरलेल्या आणि मर्यादित केलेल्या निवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, तो याच गरजेपोटी. म्हणून अशा ग्रंथाचे परीक्षण करताना त्यात किती निवाडे आले आहेत हा प्रश्न दुय्यम होय. दोन निवाड्यांमधील संबंध सांगावयास कोष्टककर्त्याजवळ कोणते शब्द आहेत, हा पहिला.

या दृष्टीने फ्रँक शेपर्ड याची पद्धती आजही अभ्यासण्याजोगी आहे. त्याने 1873 साली इलिनॉय राज्यातील निवाड्यांसाठी डिंक लावलेल्या चिठ्ठ्या छापण्यास प्रारंभ केला. वकिलाने त्या आपल्या खंडाच्या समासात चिकटवावयाच्या. पुढे चिठ्ठ्यांचे ग्रंथ झाले आणि अमेरिकन वकिलांच्या बोलीत शेपर्ड या आडनावाचे क्रियापदही झाले. या कोष्टकांत मूळ निवाड्याखाली त्याचा उल्लेख करणाऱ्या निवाड्यांची केवळ खंड-पृष्ठांकित रांग असते. परंतु अंकांच्या आधी एखादे अक्षर येते. ‘एफ’ म्हणजे अनुसरण केले, ‘डी’ म्हणजे भेद दाखवून बाजूस ठेवला, ‘क्यू’ म्हणजे शंका घेतली, ‘ओ’ म्हणजे मोडीत काढला. ‘जे’ असल्यास उल्लेख विरोधी मतपत्रातला समजावा. पृष्ठांकास जोडलेला बारीक अंक मूळ निवाड्याच्या कोणत्या शिरोटीपेशी संबंध आहे ते दाखवितो. ही एक आटोपशीर प्रत्ययव्यवस्थाच आहे. तिच्यात शून्य प्रत्ययही आहे : बहुसंख्य नोंदींना अक्षरच नसते, आणि त्या रिकाम्या जागेचा अर्थ ‘विशेष काही घडले नाही’ असा घ्यावयाचा असतो.

येथेच तिची मर्यादाही आहे. न्यायालयाने स्पष्ट शब्दांत मोडीत काढल्याखेरीज ‘ओ’ हे अक्षर लावावयाचे नाही, असा शेपर्डच्या संपादकांचा दंडक. संपादकाने न्यायाधीश होऊ नये म्हणून तो योग्यच म्हणावा लागेल. परंतु मोडीत काढणे हे नेहमी त्या क्रियापदानेच होते असे नाही. शेपर्डवरून स्फूर्ती घेऊन युजीन गारफील्ड याने शास्त्रीय वाङ्मयाची उद्धरणसूची 1964 मध्ये सिद्ध केली, तेव्हा त्याने उल्लेखाचा धागा घेतला आणि अक्षरे मात्र सोडून दिली. संरचनात्मक भाषाशास्त्रात 1961 साली डॉक्टरेट मिळविलेल्या माणसाने क्रियापदे गाळावीत, याचे थोडे नवल वाटते. विज्ञानात ते खपते. तेथे उल्लेखांची मोजदादही काही सांगते. न्यायालयात शंभर उल्लेखांपेक्षा एक ‘ओ’ भारी पडतो.

भारतीय निवाड्यांत खडकसिंग प्रकरण या दृष्टीने फार बोलके आहे. उत्तर प्रदेशातील पोलिसी पाळतीविरुद्धच्या या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाच्या सहा न्यायाधीशांनी 1962 च्या डिसेंबरात निर्णय दिला. रात्री घरी येऊन झडती-चौकशी करण्याची तरतूद बहुमताने रद्द केली. मात्र त्याच निवाड्यात, खाजगीपणाचा अधिकार घटनेने हमी दिलेला नाही, असेही सांगितले. हे मत मूलभूत अधिकार सुटेसुटे वाचण्याच्या ज्या भूमिकेवर उभे होते, ती भूमिका 1970 च्या कूपर निर्णयाने आणि 1978 च्या मनेका गांधी निर्णयाने खिळखिळी केली. पुढे 2017 मध्ये पुट्टस्वामी प्रकरणी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खडकसिंगचा निर्णय ‘त्या मर्यादेपर्यंत’ मोडीत काढला. आता कोष्टककर्त्याने येथे काय लिहावे? नुसते ‘मोडीत’ लिहिले तर नागरिकाच्या घराचे रात्री रक्षण करणारा अर्धा भागही गेल्यासारखा वाचला जाईल. आणि 1978 ते 2017 या काळात काहीच लिहिले नसेल, तर पाया गेलेली भिंत उभी आहे असे वाचक मानील. आजच्या संगणकीय संग्रहांतील लाल-पिवळ्या खुणांनीही ही अडचण सुटत नाही. रंग हाही एकाक्षरी शब्दच.

नागपूरहून निघणाऱ्या ऑल इंडिया रिपोर्टरने भारतीय वकिलाला दिलेली शिस्त मोठी आहे. वर्ष, न्यायालय, पृष्ठ असा त्याचा उद्धरणक्रम तोंडी सांगता येतो आणि कानाने टिपता येतो, हा गुण लहान नव्हे. निवाड्याच्या आरंभी ‘उल्लेखित निवाडे’ कालानुक्रमे देऊन समोर परिच्छेदांक छापण्याची त्याची प्रथाही उपकारक आहे. तथापि ही यादी ‘कोठे’ एवढेच सांगते, ‘कसे’ हे सांगत नाही. पन्नास नावांच्या यादीत सात ठिकाणी अनुसरण आणि एका ठिकाणी खंडन असेल, तर ते एक शोधण्यास पन्नास परिच्छेद वाचावे लागतात. परिच्छेदांकापुढे एक अक्षर छापले असते तर विद्यार्थ्याचा दिवस वाचला असता.

सूचीच्या शीर्षकांची कथा याहून गुंतागुंतीची आहे. भारतीय डायजेस्टे मुख्यतः अधिनियम आणि कलम या क्रमाने लावलेली असतात. अमेरिकेतील वेस्टची पद्धती विषय आणि क्रमांक अशी आहे. विषयवार शीर्षके वृद्ध होतात, ही तिची खोड. कारखान्यातील अपघाताचे निवाडे तेथे दीर्घकाळ ‘स्वामी आणि सेवक’ या शीर्षकाखाली शोधावे लागत. कलमवार मांडणी त्या मानाने निर्विवाद वाटते, पण कायदा बदलला की ती एकदम मुकी होते. उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 561-अ मध्ये होते, 1973 च्या संहितेत 482 मध्ये आले, आणि 1 जुलै 2024 पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते 528 मध्ये आहेत. एका अर्थाला तीन शब्द झाले, एवढ्यावर निभावले असते. परंतु 482 हा अंक रिकामा राहिला नाही. पूर्वी 438 मध्ये असलेला अटकपूर्व जामीन आता त्याखाली आहे. म्हणजे समानार्थी शब्दांच्या शेजारीच समध्वनी शब्द! जुन्या खंडात ‘482’ पाहून नव्या अर्जाचा आधार शोधणारा नवशिका वकील चुकेल, आणि त्याची चूक कोठडीतील पक्षकाराला भोवेल. नव्या-जुन्या कलमांची तुलनात्मक कोष्टके निघाली आहेत. पण कलमासमोर कलम मांडून भागत नाही, मजकूर कोठे बदलला तेही तेथेच नोंदले पाहिजे.

छापील कोष्टक कालबाह्य होते, हा त्याच्यावरील नेहमीचा आक्षेप. तो खरा आहे. पण शेपर्डच्या पुरवण्यांच्या वेष्टनावर, ग्रंथालयात कोणकोणते खंड व पुरवण्या असावयास हव्यात, याची यादी छापलेली असे. वाचकास आपल्या हातातील साधन कोठपर्यंत पोहोचते आणि कोठे थांबते हे त्यावरून कळे. आपल्याकडील तुलनात्मक कोष्टकांच्या प्रकाशकांना अशी एक चौकट छापावयास अर्धे पानही लागणार नाही.