सिकलसेल परिचर्येचे मूल्यमापन : संख्या आणि परिणाम

आनुवंशिक आजारातील परिचर्येचे यश कशावरून ठरवावे, हा प्रश्न सिकलसेलच्या संदर्भात विशेषत्वाने उपस्थित होतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. ७ कोटी व्यक्तींची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन ही त्याची उद्दिष्टे होत. गडचिरोली, नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यांच्या दृष्टीने या अभियानाचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि, तपासणीची संख्या हे केलेल्या कार्याचे मोजमाप होय, परिणामाचे नव्हे.

तपासणीनंतरचा पाठपुरावा बव्हंशी परिचारिकेच्या हाती असतो. रुग्ण हायड्रॉक्सीयुरिया नियमित घेतो काय, वेदनेचे झटके व रुग्णालयात दाखल होण्याचे प्रसंग कमी झाले काय, बालकाला न्यूमोकोकल लस मिळाली काय, हे परिणामाचे खरे निकष आहेत.

समुपदेशनाचे मूल्यमापन याहून कठीण आहे. माता व पिता दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिले अपत्य निरोगी असले, तरी पुढील वेळी ती तेवढीच राहते. हे दांपत्याला उमगले की केवळ कार्ड हाती पडले, हे तपासणीच्या आकड्यावरून कळत नाही. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, ही जाणीव कुटुंबात न रुजल्यास तेच कार्ड मुलीच्या विवाहात अडसर ठरू शकते.

म्हणून तपासणीच्या आकड्यांसोबत ठरावीक कालावधीनंतरची रुग्णस्थिती आणि कुटुंबाचे आकलन यांचीही नोंद व्हावी. त्याविना परिचर्या यशस्वी झाली, असे म्हणता येणार नाही.